आधारची झेरॉक्स, डिजिलॉकर की आधार अ‍ॅप? कुणाला काय द्यायचं ते ठरवताना

फ्लॅट भाड्याने घ्या, हॉटेलात चेकइन करा, सगळीकडे पहिलं वाक्य "आधार द्या". आणि मग लोक विचारतात की सरकारी अ‍ॅपमध्ये सगळं टाकणं सेफ आहे का, त्यापेक्षा कागदच बरा ना? माझं मत स्पष्ट आहे, तिघांत कागद सगळ्यात वाईट. अ‍ॅपचे धोके आहेतच, पण ते वेगळे आहेत आणि त्यातले निम्मे आपल्या हातात आहेत.

झेरॉक्सचं बघा. बारा आकडी नंबर, पत्ता, जन्मतारीख, फोटो, सगळं एका कागदावर, आणि तो एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सोसायटीच्या ऑफिसात, तिथून कुणाच्या ड्रॉवरमध्ये, परत कधीच येत नाही. मे 2022 मध्ये आधारच्या बंगळुरू ऑफिसने सांगितलं होतं की झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क्ड आधार द्या, आणि दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. सल्ला मात्र बरोबरच होता. मास्क्ड आधारवर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, कागद द्यायचाच असेल तर तोच द्या. एक लक्षात ठेवा, डाउनलोड केलेल्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, म्हणजे तुम्हाला ओळखणारा कुणीही ती उघडू शकतो, त्यामुळे पासवर्ड आहे म्हणून पूर्ण नंबरवाली फाइल बिनधास्त फॉरवर्ड करू नका.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं डिजिटल रूपात ठेवायचं सरकारी अ‍ॅप, 2015 पासून आहे. लायसन्स आणि आरसी बुकसाठी मला याच्याइतकं सोयीचं काही वाटत नाही, ट्रॅफिक पोलिसाला त्यात दाखवलेलं लायसन्स कायद्याने चालतं, आणि दाखवायचं म्हणजे दाखवायचं, कॉपी कुणाकडे राहत नाही. गडबड होते ती ऑनलाइन केवायसीला. कुठल्यातरी इन्व्हेस्टमेंट अ‍ॅपमधून तुम्ही डिजिलॉकरवर जाता, समोर परवानगीची स्क्रीन येते, त्यात कुठली कागदपत्रं मागितलीत, कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत हे सगळं लिहिलेलं असतं, आणि आपण काहीच न वाचता अलाऊ दाबतो! तिथे दहा सेकंद थांबा, नको त्या कागदाची टिक काढता येत असेल तर काढा, मुदत कमी करता येत असेल तर करा, आणि काम झालं की अ‍ॅपमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करा. अर्थात कंपनीने आधीच घेतलेली कॉपी त्याने पुसली जात नाही.

डिजिलॉकरचा मोठा प्रश्न मला वेगळाच वाटतो. कुणी कधी काय मागितलं याची नोंद एकाच ठिकाणी, सरकारजवळ, साठत जाते. आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं. युरोपियन युनियनने 2024 मध्ये स्वतःच्या डिजिटल वॉलेटचा (पैशांचं नाही, ओळखपत्रं ठेवायचं अ‍ॅप) नियम केला, त्यात वॉलेट पुरवणाऱ्याने गरजेपलीकडे वापराची माहिती गोळा करू नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि वॉलेट न घेणाऱ्याची अडवणूक करायची नाही हेही. आपल्याकडे हे दोन्ही कायद्यात पक्कं व्हायला हवं, मनापासून वाटतं.

नवीन आधार अ‍ॅप 2025 मध्ये आलं, त्यात कुठली माहिती द्यायची ते निवडता येतं, म्हणजे नाव आणि फोटो द्या, पत्ता झाका. हॉटेलसाठी कल्पना म्हणून हेच बेस्ट, पण रिसेप्शनवर स्कॅन करायची सोय नसेल आणि ते झेरॉक्सच मागत असतील तर मास्क्ड कॉपी किंवा लायसन्स पुढे करा.

तर घरमालक आणि हॉटेलला मास्क्ड, पोलिसाला डिजिलॉकर, ऑनलाइन केवायसीला डिजिलॉकर पण वाचून, आणि समोरचा स्कॅन करत असेल तिथे आधार अ‍ॅप.

कुठलाही पर्याय घ्या, आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारसाठी तुमचा ठसा बंद ठेवायची सोय, आजच लावा. बोटांच्या ठशांच्या नकली कॉपी करून आधारवरून बँकेतले पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात, लॉक असेल तर ठसा चालतच नाही. आईवडिलांचंही लावून द्या, फक्त रेशन दुकानात अंगठा द्यायच्या आधी ते थोड्या वेळासाठी उघडावं लागतं, तेवढं त्यांना दाखवून ठेवा.