पोलिसनॉट्स, चाहत्यांच्या इंग्रजी पॅचसह: काही महिने खेळून झाल्यावर

‘प्रौढांसाठीचा जपानी गेम’ म्हटल्यावर जे डोक्यात येतं तेच हवं असेल, तर इथे फारसं काही हाती लागणार नाही. पोलिसनॉट्समध्ये प्रौढ आहे तो विषय: अवयवांची तस्करी, अमली पदार्थ आणि अंतराळात राहून माणसाच्या शरीराचे होणारे हाल.

गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांचा हा क्लिक करत पुढे न्यायचा रहस्यकथेचा गेम कोनामी या कंपनीने १९९४ मध्ये पीसी-९८२१ या जपानी संगणकावर आणला. पुढे थ्रीडीओ या गेम कन्सोलवर आला, १९९६ मध्ये प्लेस्टेशन आणि सेगाच्या सॅटर्न या कन्सोलवर. इंग्रजीत अधिकृतपणे कधीच नाही. शेवटी चाहत्यांनीच २००९ मध्ये प्लेस्टेशनसाठी आणि २०१६ मध्ये सॅटर्नसाठी इंग्रजी पॅच काढला. पॅच म्हणजे अख्खा गेम नव्हे, मूळ गेमवर चढवायचं भाषांतर. मूळ डिस्क आपली आपण मिळवायची. मी दोन्ही आवृत्त्या खेळलो.

भाषांतर उत्तम आहे. आवाज जपानीच, खाली इंग्रजी मजकूर. पंचवीस वर्षं अंतराळात गोठून पडलेला जोनाथन इन्ग्रॅम जागा होतो, तेव्हा तो तेवढाच तरुण आणि त्याचा पोलिसातला जुना जोडीदार एड ब्राउन मात्र म्हातारपणाकडे झुकलेला. दोघांमधला अवघडलेपणा, मग हळूहळू परतणारी थट्टामस्करी हे सगळं संवादांतून पोचतं. पैसे न घेता केलेल्या कामात इतकी निगा पाहून मला खरंच अप्रूप वाटलं.

खटकतं ते दुसरंच. समोर बाई दिसली की तिच्या छातीवर क्लिक करायची सोय! पहिल्यांदा हसून सोडून दिलं, पण खून झालेल्या घरातून बाहेर पडल्यावर लगेच तोच पोरकटपणा आला की रसभंग होतो. नव्वदच्या दशकातला विनोद म्हणून पदरात घ्यायचा, इतकंच. क्लिक न केलं तरी गोष्ट अडत नाही.

कंटाळा मात्र कर्सरचा येतो. खोलीतली प्रत्येक वस्तू पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, आणि कंट्रोलरवर तो कर्सर रखडत चालतो. बॉम्ब निकामी करायचा प्रसंग तर हात थरथरायला लावतो, तेही चुकीच्या कारणाने. यावर उपाय आहे: प्लेस्टेशनच्या आवृत्तीला माऊस चालतो, आणि एम्युलेटरमध्ये (जुना कन्सोल संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आपलाच माऊस त्या जागी लावता येतो. त्यानंतर गेम एकदम सुसह्य झाला.

सॅटर्नची खरी मजा लाइट गनमध्ये, म्हणजे पडद्यावर नेम धरायच्या खेळण्यातल्या बंदुकीत आहे. पण ती गन जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, एलसीडीवर नेम लागतच नाही. तसा टीव्ही घरात नसेल तर गोळीबारही माऊसने किंवा कंट्रोलरनेच करावा लागेल. मग प्लेस्टेशनचीच आवृत्ती घ्या, दोनच डिस्क आहेत. सॅटर्नच्या तीन आहेत, त्यामुळे एम्युलेटरमध्ये डिस्क बदलायचा मेनू आधीच शोधून ठेवा.