२५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः एका नॉबविषयी

इलेक्ट्रॉनिक डान्स संगीताचे इन्ट्रो, म्हणजे गाण्यांची सुरुवात, रचायला शिकावे, एवढ्याच हेतूने मी हा आठ पॅड (बोटांनी ठोकायचे चौकोन) आणि आठ नॉब (गोल फिरवायची बटणे) असलेला छोटा मिडी कीबोर्ड घेतला. तो स्वतः आवाज काढत नाही; कोणती पट्टी दाबली, नॉब किती फिरवला, हे आकड्यांत संगणकाला कळवतो. वैशिष्ट्ये खोक्यावर छापलेली असतात, ती इथे सांगत नाही. लिहायला बसलो त्याचे कारण आहे पहिला नॉब. वॉरंटी शिल्लक असताना तो बिघडला आणि सेवा केंद्राने हात वर केले.

एका नॉबला एवढे महत्त्व का, हे इन्ट्रो कसा बांधतात ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. डीजेसाठी काढलेल्या एक्स्टेंडेड मिक्समध्ये, म्हणजे गाण्याच्या लांबवलेल्या आवृत्तीत, इन्ट्रो बहुधा १६ किंवा ३२ बारांचा असतो (एक बार म्हणजे चार ठोके). आधीचे गाणे वाजत असतानाच डीजेला हे नवे गाणे त्यात मिसळायचे असते, म्हणून सुरुवातीला किक (ड्रमचा जाड ठोका) आणि हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) एवढेच ठेवतात. बेस मागाहून आणतात, कारण दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर आले की खालचा सगळा आवाज गढूळ होतो. पुढे साधारण दर आठ बारांनी एकेक थर चढत जातो. मिरवणुकीत ताशाची तर्री आधी सुरू होते आणि ढोल नंतर पडतात, तेव्हा ऐकणाऱ्याला जी वाट पाहायला लागते, तीच इथेही हवी असते. मात्र नुसते थर चढवल्याने गर्दी वाढते, ओढ लागत नाही. ती लागते फिल्टरमुळे: मुख्य धून लो-पास फिल्टरमागे, म्हणजे वरचे तीव्र स्वर अडवणाऱ्या गाळणीमागे, दबकी ठेवायची आणि कटऑफ, म्हणजे ही गाळणी जिथून अडवू लागते ती मर्यादा, इतक्या सावकाश उघडत न्यायचा की ड्रॉप, म्हणजे सगळा ताल एकदम कोसळतो ती जागा, येईपर्यंत ती पूर्ण तेजाने ऐकू यावी.

आता हिशेब पाहा. टेम्पो १२८, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके, असेल, तर ३२ बारांचे १२८ ठोके बरोबर एका मिनिटात पूर्ण होतात. १९८३ पासून चालत आलेल्या मिडी मानकात साध्या नॉबला ० ते १२७ अशा १२८ च पायऱ्या असतात, म्हणजे संपूर्ण इन्ट्रोभर फिल्टर उघडायचा तर प्रत्येक पायरीच्या वाट्याला जेमतेम अर्धा सेकंद येतो. माझा नॉब हात न लावताही ६३, ६४, ६३, ६५ असे आकडे पाठवू लागला. फिल्टर पुढे जायच्या ऐवजी मागेपुढे थरथरायचा आणि ऑटोमेशनची रेघ, म्हणजे नॉबच्या हालचालीचा संगणकावर उमटणारा आलेख, करवतीसारखी दातेरी उमटायची. पियानोच्या सरावात हा दोष कुणाच्या लक्षातही आला नसता. इन्ट्रोत तो पहिल्या आठ बारांतच कानाला खुपतो.

सेवा केंद्राचे म्हणणे असे की नॉब हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही, सुटा मिळत नाही, आणि संपूर्ण बोर्ड बदलायचा तर वस्तू स्वखर्चाने मुंबईला पाठवावी. त्या बोर्डाचा खर्च कीबोर्डाच्या निम्म्या किमतीहून अधिक होता. वॉरंटीपत्रात नॉबविषयी असे एकही वाक्य नाही, हे लेखी कळवूनही उत्तर आलेले नाही. नॉबखालच्या एवढ्याशा पोटेन्शिओमीटरसाठी (फिरवता येणाऱ्या विद्युत रोधासाठी) चांगली चालणारी वस्तू अडगळीत टाकायला लावणे मला अजिबात मान्य नाही. शेवटी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विद्युत जोड साफ करणाऱ्या द्रवाचा) फवारा आणला, कीबोर्ड संगणकापासून सोडवला, नॉबच्या दांड्याजवळ थोडा फवारा मारून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवला आणि वाळू दिला. थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेलेली नाही.

बाकी गोष्टींबद्दलचे माझे मत मात्र या काळात बदलले. दोनच सप्तके मिळतात याची आरंभी चिडचिड व्हायची. पण इन्ट्रोत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) थोडे आणि धून आखूड असते, त्यामुळे सप्तक बदलण्याचे बटण पुरते. सोबत मिळालेल्या एबलटन लाइव्ह लाइट या संगीत रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आठच ट्रॅक (एकेका आवाजाच्या ओळी) आहेत, हेही तेव्हा खटकले होते. आता वाटते की नवशिक्याला ही मर्यादा उपकारक आहे: किक, हॅट, क्लॅप, बेस, कॉर्ड, धून, रायझर (चढत जाणारा आवाज) आणि एखादा सभोवतालचा आवाज इतक्यात इन्ट्रो उभा राहतो, आणि नववा थर सुचला की आधीचा कोणता काढावा याचा विचार करावाच लागतो. लाइव्ह लाइटच्या सेटिंगमध्ये टेकओव्हर हा पर्याय ‘पिकअप’वर ठेवावा, म्हणजे नॉबची जागा आणि पडद्यावरचे मूल्य जुळेपर्यंत फिल्टर एकदम उडी मारत नाही. पॅड उत्तम आहेत.

सध्या मी नॉब फिरवून फक्त अंदाज घेतो आणि अंतिम रेघ माउसने काढतो; ती गुळगुळीत येते, शिवाय शेवटच्या चार बारांत चढ तीव्र करता येतो. तरीही हाताने फिल्टर उघडताना कान आणि बोटे एकत्र शिकतात, ते माउसने होत नाही, म्हणून चांगल्या नॉबचा आग्रह मी सोडणार नाही. घेणाऱ्यांनी दुकानात लॅपटॉप घेऊन जावे, प्रत्येक नॉब मध्यावर आणून सोडून द्यावा आणि आकडा स्थिर राहतो का ते पाहावे. शिवाय नॉब वॉरंटीत येतो की नाही, हे विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्यावे.