काच आणि ट्रिमचा पॉलिश किट: वापरून झाल्यावर लिहितोय

जुन्या गाडीची समोरची काच वायपरने घासून घासून धुरकट झाली होती, समोरून हेडलाईट आला की काही दिसायचं नाही, आणि काचेभोवतीच्या स्टीलच्या पट्ट्या, म्हणजे ट्रिम, तर पार मेलेल्या. म्हणून सेरियम ऑक्साइडची पावडर (काच पॉलिश करायची), फेल्टचे म्हणजे दाबलेल्या लोकरीचे पॅड, बफिंग व्हील (धातू चमकवायचं कापडी चाक) आणि त्या चाकाला लावायच्या पॉलिशच्या, म्हणजे कंपाउंडच्या, दोन वड्या असा किट मागवला.

आधी काच. पावडर पाण्यात कालवायची, ड्रिलला पॅड लावून हळू स्पीडवर फिरवायचं आणि स्प्रेने सतत ओलं ठेवायचं, कारण सुकलं की काच तापते आणि तापली की तडकायची भीती, मी तर दर मिनिटाला हात लावून बघत होतो. वायपरचा धुरकटपणा दोन-अडीच तासांत बऱ्यापैकी गेला, खरंच भारी. पण नख अडकेल असा एक ओरखडा होता तो जसाच्या तसा. खोक्यावर म्हणे 'सगळे ओरखडे गायब', काहीही! हट्टाने तिथेच घासत बसलो तर काचेला खळगा पडला, आता त्या कोपऱ्यातून रस्ता लाटांसारखा हलतो. नशीब, ड्रायव्हरच्या समोर नाही.

ट्रिमला मात्र पैसे वसूल. पोचे आतल्या बाजूने लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने काढले, मग पाण्याचा पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर वाढेल तसा बारीक) ४००, ६००, ८००, १०००, प्रत्येक वेळी आडवं-उभं दिशा बदलून म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा राहिल्या तर लगेच दिसतात. कंटाळा येतो पण बफिंग केल्यावर पट्टीत आपलंच तोंड दिसतं राव. एकच चूक केली, पट्टीची कड फिरणाऱ्या चाकासमोर धरली, चाकाने ती हातातून हिसकावली आणि पट्टी वाकली. बोटं वाचली. कड नेहमी चाक जिकडे फिरत जातं त्या बाजूला ठेवा, आणि चष्मा घालाच.

माहितीपत्रकात 'सर्व धातूंसाठी' लिहिलंय ते मनावर घेऊ नका. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर (म्हणजे ज्यावर मुद्दाम कडक ऑक्साइडचा थर चढवलेला असतो) वरचा थर कॉस्टिक सोड्याने उतरवल्याशिवाय हे कंपाउंड काही करत नाही, आणि फुगून सुटलेला क्रोम कुठल्याच पॉलिशने परत येत नाही, त्याला परत प्लेटिंगच, म्हणजे नवा क्रोमचा मुलामा.

पाचपैकी साडेतीन. पॅडचं वेल्क्रो दुसऱ्याच दिवशी सुटलं त्याचा अर्धा कापला. आणि डॅशबोर्डवर आधी कागद-टेप लावा, माझ्या एसीच्या जाळीतून अजून गुलाबी पावडर उडतेय.