रिकामी सरकारी सदनिका ‘मागच्या यादीतून’ मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

नागपुरात सरकारी योजनेतलं पडून असलेलं घर मिळवून देतो म्हणून आमच्या कुटुंबाकडून 3,46,500 रुपये काढले गेले. हिशेब असा: ‘फाईल’चे 5,500, बयाणा 51,000, ‘अनामत रक्कम’ म्हणून 1,10,000, चाबी हातात द्यायच्या आधी 1,50,000 आणि ‘रजिस्ट्री’चे 30,000. यातले 86,500 रोख गेले, बाकीचे 2,60,000 बँकेतून. नातेवाइकांना हे सांगताना मान खाली जाते. पण लपवून ठेवलं तर तोच माणूस उद्या दुसऱ्या दारात उभा राहील, म्हणून लिहितो आहे.

‘लालच केली’ असं म्हणणाऱ्यांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. घरं खरोखरच रिकामी असतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या वसाहती वाठोडा, तरोडी खुर्द, वांजरी अशा टोकाच्या मौज्यांत उभ्या राहिल्या. रोज सीताबर्डीला किंवा महालात कामाला येणाऱ्याचा जाण्यायेण्याचा खर्च तिथून परवडत नाही. सोडतीत नाव निघालं तरी पगाराची पावती आणि आयकर विवरणपत्र नसलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही, आणि हप्ता थकला की वाटप रद्द होतं. हे दुखणं एकट्या नागपूरचंही नाही. आधीच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात बांधलेली लाखावर घरं देशभर पडून होती, म्हणून 2020 मध्ये केंद्राला ती भाड्याने देण्याची वेगळी योजना आणावी लागली. तेव्हा कोणी येऊन ‘चार मजले बंद पडले आहेत’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पुढचं सगळं खोटं याच एका खऱ्या वाक्यावर उभं राहतं.

बाहेरून कुलूप दिसतं, त्यावरून काहीच कळत नाही. सदनिका अजून सोडतीतच आलेली नसेल, लाभार्थी ठरला पण ताबा बाकी असेल, किंवा वाटप रद्द होऊन ती परत घेतलेली असेल. तिन्हींचं दार सारखंच. रद्द झालेलं घरसुद्धा प्रतीक्षा यादी, नवी सोडत किंवा ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशी जाहिरात यांतूनच बाहेर पडतं. ‘साहेबांच्या कोट्यातून’ निघत नाही. म्हाडा तर दर जाहिरातीत छापते, की विक्रीसाठी कोणीही एजंट नेमलेला नाही.

आता त्या माणसाने दिलेलं वाटपपत्र. आठवलं की अजून संताप होतो. त्यावर बोधचिन्ह होतं, जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता. सदनिकेचं चटईक्षेत्र 42 चौरस मीटर, गट ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’, आणि खाली अडीच लाखांचं अनुदान वजा केलेलं. 2015 च्या मूळ योजनेच्या नियमांत या तीन गोष्टी एका कागदावर बसूच शकत नव्हत्या. त्या योजनेत दुर्बल गटाच्या घराचं चटईक्षेत्र साधारण 30 चौरस मीटरपर्यंतच असायचं. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख त्याच घराला मिळायचे. शिवाय पत्र एकट्या पुरुषाच्या नावावर होतं. घरात कर्ती बाई असताना ते तिच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर व्हायला हवं. तिथेच थांबायला हवं होतं. पण हे कोणाला माहीत असतं? मार्गदर्शक सूचना इंग्रजीत, कार्यालयाच्या भिंतीवर त्यातली एक ओळ नाही, आणि समोरचा माणूस चाबी लावून दार उघडून दाखवतो आहे. नळाला पाणी येतं का तेही त्याने तपासायला लावलं. ‘भाऊ, वरून पास झालं हाय, आता फक्त चलान फाडाचं हाय.’ ज्याला आतून कोणीच चाबी दिलेली नाही तो दार उघडेल कसा, याचं उत्तर आजही कोणी देत नाही.

चलानवरचं खातंही तसंच. नावात ‘गृहनिर्माण’ होतं, पण खातं एका भागीदारी संस्थेचं होतं. सरकारी घराची रक्कम ते घर वाटणाऱ्या प्राधिकरणाच्या स्वतःच्या पोर्टलवर किंवा त्याच्याच नावाच्या बँक खात्यात भरली जाते. पैसे सोडण्याआधी खातेधारकाचं पूर्ण नाव पाहा आणि ते जाहिरातीतल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवा. रोख तर मुळीच नको. आयकर कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेताच येत नाही.

‘रजिस्ट्री’ म्हणून हातात आली ती 500 च्या मुद्रांकावरची नोटरी. नोटरीने घराची मालकी बदलत नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावा लागतो, आणि त्याची सूची क्रमांक 2 नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. ‘आधीच्या लाभार्थ्याकडून परस्पर घेऊन देतो’ ही याच धंद्याची दुसरी शाखा. म्हाडाच्या घराला पाच वर्षं विक्रीबंदी असते. त्या काळात घेतलेलं कुलमुखत्यारपत्र दाखवून तुम्ही मालक होत नाही, उलट मूळ वाटपच धोक्यात येतं.

आणि मग तक्रार. प्राधिकरणाच्या कार्यालयाने पत्र हातात घेतलं, ‘बनावट आहे, आमचा संबंध नाही’ म्हणून परत केलं. हेच लेखी द्या म्हटलं तर दिलं नाही. शिक्का तुमचा, बोधचिन्ह तुमचं, दार तुमच्या इमारतीचं, आणि संबंध नाही? गुन्हा खरं तर त्यांनी नोंदवायचा. पोलीस ठाण्यात ‘हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी न्यायालयात जा’. वर दबक्या आवाजात इशारा, की साहेबांना द्यायला पैसे दिले म्हणता, मग लाच देणारे तुम्हीच. या धमकीनेच निम्मे लोक घरी परततात. परतू नका. बनावट सरकारी पत्र दाखवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली फसवणुकीचा दखलपात्र गुन्हा आहे, बनावटीकरणाची कलमं वेगळी. ठाण्याने नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा आणि पोचपावती जपा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सगळ्यात आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम त्या खात्यातून पुढे सरकली की हाती काही लागत नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावा असं 2005 पासून सांगतं. प्रत्येक वसाहतीच्या फाटकावर इमारत, मजला, सदनिका क्रमांक आणि ‘वाटप झालं की नाही’ एवढा एक फलक लावला, तर या दलालांना विकायला काही उरणार नाही. तो लागत नाही, म्हणून कोणी ठरावीक सदनिका दाखवली की आधी 10 रुपयांचा अर्ज टाका. तीनच गोष्टी विचारा: हा क्रमांक कोणत्या सोडतीत होता, वाटपाची सद्यस्थिती काय, रद्द झालं असेल तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख. उत्तराला 30 दिवस लागतात. ‘तोवर घर जाईल’ असं दलाल म्हणेल. म्हणू द्या.