कॉन-ए अमायलोज किट: आकडा भरवशाचा, पण डीएमएसओपाशी घाई नडते

मका, गहू, बटाटा, कसावा, वाटाणा यांच्या स्टार्चमध्ये अमायलोज (स्टार्चचा जवळजवळ सरळ साखळ्यांचा भाग) किती, एवढाच प्रश्न असेल तर कॉन्कनॅव्हॅलिन-ए (कॉन-ए) वर चालणारं हे किट घ्यावं. आयोडीनच्या निळ्या रंगापेक्षा ते उजवं आहे. अमायलोपेक्टिनच्या (स्टार्चच्या फांद्या असलेल्या भागाच्या) लांब साखळ्याही आयोडीन धरतात, म्हणून अमायलोज फुगून दिसतं. उलट धान्यातले लिपिड अमायलोजच्या वेटोळ्यात शिरून बसले की ते घटतंही. कॉन-ए हे लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, साखळ्यांची टोकं पकडतं. भरपूर टोकांचं, फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन साक्यात जातं आणि जवळजवळ सरळ असलेलं अमायलोज वरच्या निवळीत राहतं. त्या निवळीतल्या अमायलोजचं एन्झाइमने ग्लुकोज करून, त्यापासून आलेला रंग ५१० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजायचा.

याहून मोठी सोय गणितात आहे. अमायलोज आणि एकूण स्टार्च एकाच द्रावणातून मोजले जातात, त्यामुळे उत्तर गुणोत्तरात येतं. बटाट्याचा स्टार्च धान्याच्या स्टार्चपेक्षा बराच जास्त ओलावा धरतो. आयोडीन पद्धतीत ही दुरुस्ती विसरली की तुलनाच चुकते, इथे ती आपोआप कटते. वजनातली किरकोळ चूकही तशीच.

आता खरी परीक्षा. २० ते २५ मिलिग्रॅम नमुन्यावर १ मिलिलिटर डीएमएसओ (स्टार्च विरघळवणारं द्रावक) घालायचं ते व्होर्टेक्स (ट्यूब हलवणारं यंत्र) चालू असतानाच. आधी घालून मग हलवलं तर गुठळी होते, आणि ती इतकी पारदर्शक की ट्यूब उजेडासमोर तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. १५ मिनिटं उकळत्या वॉटर बाथमध्ये ठेवून मधूनमधून जोरात हलवावं. जास्त अमायलोजचा मका आणि वाटाणा इथे सर्वांत हट्टी. डुप्लिकेट (एकाच नमुन्याच्या दोन चाचण्या) जुळत नसतील तर एन्झाइमवर संशय घेण्याआधी ही पायरी पुन्हा करावी. (डीएमएसओ १८.५ अंश सेल्सिअसला गोठतं. गार खोलीत बाटली घट्ट झाली तर ती खराब झाली असं समजू नये.)

मग इथेनॉलने स्टार्च खाली बसवायचा, म्हणजे लिपिड आणि सुटी साखर निघून जाते. बटाट्यात लिपिड नावालाच असतात, तरी पायरी गाळू नका. सगळे नमुने एकाच वाटेने गेले तरच तुलनेला अर्थ. ट्यूब टिश्यू पेपरवर दहा मिनिटं उपडी ठेवून इथेनॉल पूर्ण निथळू द्यावं. पुन्हा विरघळवून २५ मिलिलिटर केलेलं द्रावण ताटकळत ठेवू नये, अमायलोज परत एकमेकांना चिकटू लागतं.

कॉन-ए घातल्यावर ट्यूब हळू उलटीपालटी करायची, फेस येऊ द्यायचा नाही. या प्रथिनाला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं, त्यामुळे हे धातू बांधून ठेवणारं ईडीटीए असलेलं बफर इथे चालत नाही. तासाभराने सेंट्रिफ्यूजमध्ये १४,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १४,००० पट) बलाने १० मिनिटं फिरवा. यापेक्षा कमकुवत सेंट्रिफ्यूज असेल तर निवळी धूसर राहते आणि अमायलोज जास्त येतं. निवळी घेताना पिपेटचं टोक साक्याला लागू नये. पुढे बफर घालून ५ मिनिटं उकळून कॉन-ए मारायचं असतं, ते टाळू नये.

अमायलोजच्या ॲबसॉर्बन्सला (रंगाने शोषलेल्या प्रकाशाच्या मापाला) एकूण स्टार्चच्या ॲबसॉर्बन्सने भागून ६६.८ ने गुणलं की अमायलोजचे टक्के येतात; हा गुणक डोळे झाकून वापरला जातो. तो आकारमानांतून येतो: कॉन-ए च्या बाजूला १.५ × ४.१ = ६.१५, एकूण स्टार्चच्या बाजूला ४.६ ÷ ०.५ = ९.२, आणि ६.१५ भागिले ९.२ गुणिले १००. अभिकर्मक वाचवायला आकारमानं कमी केली आणि प्रमाण बदललं, तर गुणकही नव्याने काढावा लागतो. माहितीपत्रकात हे ठळक लिहायला हवं होतं.

उणिवाही आहेत. वॅक्सी मक्यासारख्या (ज्यात अमायलोज जवळजवळ नसतं) नमुन्यात ॲबसॉर्बन्स ब्लँकच्या (नमुना नसलेल्या ट्यूबच्या) जवळ जातो, तेव्हा १ टक्का आणि २ टक्के यांतल्या फरकावर भिस्त ठेवू नये. साखळ्यांची लांबी, रेणुभार किंवा बटाट्यातलं फॉस्फेट यांबद्दल किट काहीच सांगत नाही. दोन स्टार्चमध्ये अमायलोज सारखंच आणि जेल मात्र वेगळं असं दिसलं, तर आयसोअमायलेज या एन्झाइमने फांद्या तोडून साखळ्या क्रोमॅटोग्राफीवर पाहाव्या लागतील.