खोगीर-दुरुस्तीसाठी जड शिलाई मशीन : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका लहान गाळ्यात आमचा घोडेस्वारांच्या सामानाच्या दुरुस्तीचा व्यवसाय आहे. स्पर्धांत उतरणारे स्वार, त्यांचे प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारी प्रशिक्षण शिबिरे भरवणारे क्लब हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. पावसाळ्यात पर्यटक कमी झाले की माथेरानच्या घोडेवाल्यांची खोगिरेही येतात. सॅडल (खोगीर), ब्रायडल (घोड्याच्या तोंडावरचा लगामाचा साज), तंग (सॅडल पक्के राहावे म्हणून पोटाखालून बांधायचा पट्टा), रिकिबीचे पट्टे, मोहरक्या, नमदे (सॅडलखाली घालायचे जाड कापड) आणि झुली असे सगळे आम्ही शिवतो. गेल्या डिसेंबरपर्यंत चामड्याचे सारे काम आमच्याकडचे ज्येष्ठ कारागीर काका आरी, दोन सुया आणि मेणदोरा यांवर करीत, आणि कापडाचे काम मी साध्या टेलरिंग मशीनवर कसेबसे उरकत असे. जानेवारीत आम्ही जड चामडे शिवणारे सिलिंडर आर्मचे मशीन घेतले. त्याचा ऑक्टोबरअखेरपर्यंतचा अनुभव येथे लिहीत आहे, कारण घेण्यापूर्वी मी ज्यांना ज्यांना विचारले त्या प्रत्येकाने ते किती जाड शिवते एवढेच सांगितले. त्यावर काय शिवू नये हे कोणीही सांगितले नाही.

आमचे मशीन ४४१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेचे आहे. मूळ रचना जपानच्या जुकी कंपनीची असून आज अनेक उत्पादक त्याच धर्तीची मशिने बनवतात; आमचे त्यांपैकीच एक आहे. बॅगा शिवणाऱ्या साध्या मशीनपेक्षा याचे वेगळेपण असे की शिवायचा भाग सपाट टेबलावर न ठेवता आडव्या नळीसारख्या हातावर चढवता येतो, आणि सुई, दाबणारा पाय व खालचे दाते हे तिन्ही मिळून माल पुढे सरकवतात, त्यामुळे चार थरांचा तंगदेखील मध्येच अडकत नाही. पायाखाली सुमारे २० मिलिमीटर जाडी सहज मावते. सर्वो मोटरमुळे पायडल हलकेच दाबले तर एकेक टाका मोजून घालता येतो, आणि शिवण थांबली की मोटरही थांबते, म्हणून विजेच्या बिलात फारसा फरक जाणवला नाही. वीज गेली तरी हातचाकावर अर्धवट राहिलेली शिवण पुरी करता येते, आणि आमच्या भागात ही सोय कामाची आहे.

पहिला खरा फायदा नमद्यांवर दिसला. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या प्रकाराच्या, स्वारांना स्पर्धेसाठी सहसा पांढरे नमदे लागतात. ते वारंवार धुतले जातात आणि धुऊन धुऊन त्यांच्या कडेचा गोट उसवतो. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांच्या भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून आमच्याकडे या प्रकाराकडे वळलेल्या मुलांचे पालक नमदे घेऊन येताना अधिक दिसतात, आणि ते काम पूर्वी मी नाइलाजाने परत पाठवत असे. गोट, आतील फोम आणि दोन्ही बाजूंचे कापड मिळून होणारी जाडी टेलरिंग मशीनला झेपत नव्हती. सुया मोडत, टाके सुटत. आता एका नमद्याचा पुरा गोट वीस मिनिटांत बसतो.

त्याहून मोलाचे काम तंगाच्या इलॅस्टिकचे आहे. एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता एका शिबिरातून फोन आला. उड्यांचा सराव चालू असताना तंगाच्या टोकाचे इलॅस्टिक बकलाजवळून उसवले होते, त्या मापाचा दुसरा तंग तेथे नव्हता आणि रविवारी सकाळी साडेसहाला त्याच घोड्याचे पुढचे सत्र होते. रात्री साडेनऊला तंग आमच्या हातात पडला. जुने इलॅस्टिक काढून नव्याच्या चार पट्ट्या बकलांतून दुमडून घेतल्या, प्रत्येकीवर चौकट व त्यात फुली अशी शिवण घातली, आणि तीस-पस्तीस मिनिटांत काम संपले. हाताने हेच करायला काकांना मध्यरात्र झाली असती, शिवाय इलॅस्टिक ताणले जाते तेव्हा हाताच्या टाक्यात धाग्याचा ताण सारखा ठेवणे फार कठीण असते. पहाटे पाचला तो तंग पुढे पाठवला. शिबिर भरवणाऱ्यांच्या दृष्टीने अशा एका रात्रीचे महत्त्व काय असते हे त्या दिवशी मला नीट कळले, कारण बाहेरून आलेला प्रशिक्षक दोन दिवसच असतो आणि त्याच्यापुढचे एक सत्र हुकले तर ते पुन्हा मिळत नाही.

धाग्याबाबत आम्ही बाँडेड (तंतू चिकटवून एकसंध केलेल्या) नायलॉनऐवजी बाँडेड पॉलिएस्टर वापरतो. नायलॉनला ताकद आणि लवचीकपणा थोडा जास्त असतो हे खरे, पण ओला झाला की तो काहीसा कमजोर होतो आणि उन्हाने लवकर जुनाट होतो. घोड्याचा घाम आणि मैदानावरचे ऊन या दोन्ही गोष्टी आमच्या मालाच्या नशिबी रोजच्याच आहेत. नमद्यांसाठी १३८ नंबरचा धागा व २३ नंबरची सुई, तंग आणि मोहरक्यांसाठी २०७ नंबरचा धागा व २४ नंबरची सुई हे प्रमाण आता ठरून गेले आहे. टाक्याची लांबी मात्र चुकत चुकत शिकावी लागली. टाका बारीक घातला की शिवण पक्की होते हा कापडावरचा अनुभव चामड्यावर उलटतो. छिद्रे फार जवळ आली तर चामडे टपालाच्या तिकिटासारखे त्याच रेषेवर फाटते. आम्ही इंचाला सहा टाक्यांपलीकडे जात नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. सुरुवातीच्या उत्साहात फेब्रुवारीत मी रिकिबीच्या पट्ट्यांची एक जोडी, बकलाजवळची दुमड, मशीनवर शिवली. शिवण अत्यंत सुबक आली होती आणि काकांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी मी ती दिली. साधारण सहा आठवड्यांनी ती मुलगी, एक मीटरपर्यंतच्या उड्या मारणारी, पट्टे घेऊन परत आली; सॅडल पुसताना तिला धाग्याचे एक टोक बाहेर आलेले दिसले होते. वरून पाहिले तर सगळे टाके जागच्या जागी होते. काकांनी पट्टा उलटा केला, भिंग धरले आणि मला दाखवले. बकल सॅडलच्या लोखंडी पट्टीपाशी वर ओढलेले असते, तेथे दुमडीची मागची बाजू सतत घासते, आणि तेथे चार टाक्यांचा खालचा धागा झिजून तुटला होता. त्यांनी आरीचे टोक वरच्या धाग्याखाली घालून हलकेच ओढले, तर वालाच्या शेंगेची शीर निघावी तसे सहा टाके एका दमात निघून आले.

मग त्यांनी स्वतः हाताने शिवलेला जुना पट्टा घेतला आणि रापीच्या टोकाने त्याचा दर तिसरा टाका कापला. तो पट्टा खिळ्याला अडकवून आम्ही दोघांनी ओढला. शिवण हलली नाही. याचे कारण शिवणीच्या रचनेतच आहे. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन वेगळे धागे चामड्याच्या मध्यावर एकमेकांत फक्त अडकलेले असतात, म्हणून एका बाजूचा धागा झिजला की दुसऱ्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. दोन सुयांच्या शिवणीत दोन्ही धागे प्रत्येक छिद्रातून आरपार जातात, दोन्ही बाजूंना येतात आणि मेणामुळे छिद्रात चिकटून राहतात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. काका एवढेच म्हणाले, ‘ताई, याच्यावर माणसाचा पाय असतो.’ त्या मुलीला आम्ही पट्टे हाताने शिवून दिले, पैसे घेतले नाहीत आणि त्या महिन्यात मशीनवर शिवलेल्या आणखी दोन जोड्या फोन करून परत मागवल्या.

त्या दिवसापासून रिकिबीचे पट्टे, लगामाची बकलाकडची टोके आणि सॅडलचे तंग-पट्टे (ज्यांना तंगाची बकले लावतात ते पट्टे) हे काम मशीनकडे जात नाही. तंग-पट्ट्यांबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. सॅडलच्या प्रत्येक बाजूला सहसा तीन पट्टे असतात. त्यांपैकी पहिला एका स्वतंत्र निवारीवर आणि उरलेले दोन दुसऱ्या निवारीवर शिवलेले असतात, आणि हा भेद मुद्दाम केलेला असतो. एक निवार तुटली तरी दुसऱ्या निवारीवरचा पट्टा सॅडल धरून ठेवतो. म्हणूनच तंग नेहमी पहिला व दुसरा किंवा पहिला व तिसरा या पट्ट्यांना लावावा, दुसरा व तिसरा यांना कधीही लावू नये. दुरुस्तीला आलेल्या काही सॅडलमध्ये पूर्वी कोणीतरी मशीन फिरवून तिन्ही पट्टे एकाच निवारीवर घेतलेले आम्ही पाहिले आहेत. अशी सॅडल आली की आम्ही ती पूर्ण उसवतो, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मशीनच्या स्वतःच्या उणिवाही आहेत. बरोबर आलेले दाते तीक्ष्ण असल्यामुळे मऊ चामड्याच्या खालच्या बाजूला ओरखड्यांची रांग उमटते. ब्रायडलसाठी गुळगुळीत दाते आणि पाय वेगळे विकत घ्यावे लागले. हा खर्च विक्रेत्याने आधी सांगितला नव्हता. तेल घालण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि तेल जास्त झाले की सुईच्या दांड्यावरून थेंब उतरतो. मार्च महिन्यात असा एक थेंब स्पर्धेच्या आदल्या दिवशी पांढऱ्या नमद्यावर पडला, आणि साबण, खडूची पूड असे सारे करूनही फिकट डाग राहिला. आता रोज सकाळी पहिली पाच मिनिटे जुन्या कापडावर शिवल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाचा माल लावत नाही.

मे महिन्यात माझ्या हातून सुई बकलाच्या जिभेवर आपटली आणि मशीन टाका घेईनासे झाले. विक्रेत्याचा तंत्रज्ञ ‘उद्या येतो’ म्हणत तीन आठवडे आला नाही, आणि ते तीन आठवडे आम्ही जुन्या पद्धतीने काढले. शेवटी दुसऱ्या एका कारखान्यातील अनुभवी मेकॅनिकने येऊन हुकाची (खालून वरचा धागा पकडणाऱ्या भागाची) वेळ जुळवली आणि ती कशी पाहायची ते शिकवले: सुई तळाला जाऊन वर उठू लागली की धाग्याचा फास सुटतो, त्याच क्षणी हुकाचे टोक नेढ्याच्या किंचित वर सुईला जवळजवळ स्पर्श करीत गेले पाहिजे. ही एक गोष्ट घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी.

पावसाळा ही आमच्याकडची खरी परीक्षा. जुलैत गाळ्याच्या भिंती ओल धरतात, चामड्यावर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते आणि मशीनच्या उघड्या लोखंडावर तांबूस गंज दिसू लागतो. गंजाची भीती केवळ मशीनपुरती नाही. वनस्पतीजन्य सालींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते, ओल्या चामड्याला लोखंड लागले की तेथे निळसर काळा डाग पडतो आणि तो जात नाही. फिकट रंगाच्या एका ब्रायडलवर असे तीन ठिपके पडल्यानंतर आम्ही रात्री सुई काढून ठेवतो, पाय आणि पट्टी तेलाच्या फडक्याने पुसतो, मशीनवर सुती कापड टाकतो. प्लॅस्टिकचे आवरण टाकू नये, कारण आत ओल कोंडते.

मोटर, टेबल आणि करासह मशीन १,६८,००० रुपयांना पडले. दाते, पाय, सुया आणि मेकॅनिक यांवर आणखी सुमारे १९,००० गेले. वहीतल्या नोंदींप्रमाणे नमदे, झुली, तंग आणि मोहरक्या यांच्या वाढलेल्या कामातून त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम परत आली आहे. याहून मोठा लाभ असा की काकांचा वेळ मोकळा झाला. पूर्वी मोहरक्या आणि झुलींचे पट्टे शिवण्यात त्यांचे दिवस जात आणि सॅडल रांगेत पडून राहत. आता ते दिवसभर केवळ ज्यावर माणसाचा जीव असतो तेच शिवतात, आणि सॅडल आठ दिवसांत परत जाते.

ज्यांचे काम मुख्यतः ब्रायडल आणि बारीक पट्ट्यांचे आहे त्यांनी हे मशीन घेऊ नये. ते त्यांच्या कामाला फार जड आहे आणि बारीक धागा त्यावर नीट चालत नाही. ज्यांच्याकडे झुली, नमदे आणि तंग भरपूर येतात त्यांनी अवश्य घ्यावे, मात्र गुळगुळीत दाते सौद्यातच मागून घ्यावेत आणि हाताने शिवणारा कारागीर सोडू नये. आमच्याकडे आता माल आला की तो आधी काकांपुढे जातो. ते प्रत्येक वस्तूला चिठ्ठीबरोबर दोरा बांधतात, मशीनसाठी पांढरा आणि हातासाठी लाल, आणि लाल दोऱ्याची वस्तू कितीही घाई असली तरी मी मशीनवर घेत नाही.