पाय आखूड नव्हता, अक्कल आखूड होती

कंबरदुखीसाठी एका खोट्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो आणि फसलो. आकडे आधीच सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. २१ सिटिंगचे १८,९००, कमरेचा पट्टा २,४००, तेलाच्या दोन बाटल्या १,३००. एकूण २२,६०० रुपये. सगळे पहिल्याच दिवशी, मोबाईलवरून, कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यावर. नाशिकच्या गंगापूर रोडला चकाचक जागा, अंगात पांढरा कोट, कोपऱ्यात मणक्याचा सांगाडा. माणूस आणखी काय बघणार?

अंबडला कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर दिवसभर उभा असतो. कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत अशी कळ जायची की रात्री कूस बदलता येईना. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलेली. ऑपरेशन टळतंय म्हटल्यावर कुणीही गेला असता, नुसता मीच नाही.

कळायला हवं होतं ते तिथेच, टेबलावर. त्याने माझ्या टाचा धरल्या आणि म्हणाला, "काका, बघा, उजवा पाय आखूड आहे." अरे, दुखतोय डावा! मी विचारलंसुद्धा. "म्हणून तर भार डाव्यावर येतो." मग कंबर पिळली, कडाक आवाज आला, पाय सारखे. मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या. टाच जराशी ओढली की कुठलाही पाय लांब दिसतो. आणि तो आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा, गादी जागेवर बसल्याचा नव्हे. एमआरआयचं पाकीट तर त्याने उघडलंही नव्हतं. ते माझ्याच मांडीवर होतं.

सहाव्या सिटिंगनंतर डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. "नस मोकळी होतेय," म्हणे. पुढच्या वेळी गेलो तर शटर बंद, फोन बंद.

खरी फिजिओथेरपिस्ट नंतर भेटली, सिटिंगचे ५००. तिने आधी अंगठा वर उचलायला लावला, गुडघ्यावर हातोडी मारली, लघवीचं विचारलं. हाताने उपचार दहाच मिनिटं, बाकी घरी करायचे व्यायाम. पायातली ताकद कमी होत असेल तर वाट बघत बसू नका. लघवी अडली किंवा जांघांमध्ये बधिरपणा आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

चौकीत गेलो. "हा दिवाणी मामला. पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" एका कार्यालयात म्हणाले, तो डॉक्टर नाही, म्हणून आमच्याकडे येत नाही. अहो, डॉक्टर नाही हीच तर तक्रार! दुसऱ्या कार्यालयात पावती बघून, "यावर 'वेलनेस साहित्य' लिहिलंय, उपचार कुठे लिहिलाय?" तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला गेलेले, साडेचारपर्यंत जेवतच होते. बसवत नाही हो मला बाकावर, एवढं तरी बघा! बँकेने फॉर्म दिला, तोही इंग्रजीत.

राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी मागा. मी नाही मागितला, अपमान वाटेल त्यांना म्हणून. पॅकेज तर घेऊच नका.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तिथे अर्ज करतोय. माझ्या पावतीचा क्रमांक ४१ आहे. आधीच्या चाळीसपैकी कुणी हे वाचत असाल तर लाजू नका, पावती काढून ठेवा. एकत्र जाऊ.